मदत हवी आहे : फ्रीजरमध्ये समुद्राचा बर्फ काय जमेना (लेकीचा प्रकल्प, प्रदर्शन गुरुवारी)

द्राक्षबाग_तासगाव :
नमस्कार मंडळी, जरा अडलोय. थोरली नववीला आहे, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नाव दिलंय आणि विषय घेतलाय ध्रुवाकडच्या समुद्री बर्फात राहणारं शेवाळ. मी म्हटलं अगं बाई ठिबक घे, बेदाणा घे, सगळं घरात आहे, पण नाही, मोबाईलवर कुठंतरी बर्फाची लादी उलटी केलेली बघितली, खालचा भाग चहासारखा तपकिरी, तेव्हापासून हेच चाललंय. पोस्टर झालंय पण मॉडेल फसतंय, आणि मला रसायनशास्त्र येतं ते फवारणीपुरतं.

तिनं मला समजावलं ते असं की समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फात मावत नाही, ते बाजूला पडतं आणि खारट पाण्याच्या बारीक नळ्या बर्फातनं राहतात, शेवाळ त्या नळ्यांत. ते दाखवायचं म्हणून लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, त्यात खायचा निळा रंग, स्टीलच्या डब्यातनं फ्रीजरला. तीनदा केलं. तिन्ही वेळा कडेनं पांढरा बर्फ आणि मधोमध निळा गोळा, अंड्यातल्या बलकासारखा. नळी एक नाही. मटारच्या पिशव्या बाहेर काढल्या म्हणून बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दुसरं म्हणजे हे शेवाळ गंधकाचं काहीतरी तयार करतं म्हणे, डीएमएसपी. गंधक म्हटलं की मला शेडवरची बेदाण्याची धुरी आठवते, डोळ्यातनं पाणी आणि ठसका. मग ते शेवाळ मरत कसं नाही? शाळेच्या फेरीत परीक्षकांनी विचारलं पाण्यात गंधक आलं कुठनं, तर ही नुसती उभी. घरी येऊन रडली. कुणी सांगेल का, सोप्या भाषेत?

कोल्डस्टोरेज_सांगली :
दादा तुमचा डबा चारी बाजूनी गार होतोय. बर्फ कडेनं आत सरकतो, मीठ आणि रंग आत ढकलत नेतो, म्हणून मधे गोळा. समुद्र फक्त वरनं गार होतो, खाली पाणीच असतं, म्हणून खारट पाणी उभ्या वाटेनं खाली उतरतं. मेडिकलवाल्याकडनं इंजेक्शनचा थर्माकोलचा खोका मागून आणा, त्यात प्लॅस्टिकचा डबा घट्ट बसवा, झाकण काढायचं, वरनंच गार लागलं पाहिजे. आणि पूर्ण गोठू देऊ नका! तीनातले दोन भाग गोठलं, तळाला पाणी शिल्लक आहे, तेवढ्यात काढा. मग आरीनं उभा काप घेऊन टॉर्चसमोर धरा.

रसायन_मिरज :
नमस्कार, कॉलेजात शिकवते, समुद्र माझा विषय नाही पण एवढं सांगता येईल. आधी परीक्षकांचं उत्तर. समुद्राच्या पाण्यात नुसतं जेवणातलं मीठ नसतं, किलोभर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. शेवाळ ते सल्फेट आत घेतं, त्यापासून मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल करतं आणि त्यातनं पुढं डीएमएसपी. तुमच्या डब्यात साधं मीठ आहे, त्यात गंधक नाहीच, हे तिनं आपणहून सांगावं, परीक्षक खूश होतील.

आता मरत का नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं आणि फोड आकसते ना? बर्फातल्या नळीत शेवाळाची तीच गत व्हायला पाहिजे, कारण समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठायला लागतं आणि उणे १० ला त्या नळ्यांतलं पाणी समुद्राच्या साधारण चौपट खारट झालेलं असतं. मग पेशी आपल्या आत डीएमएसपी भरून ठेवते, म्हणजे आतबाहेर तोल राहतो आणि पाणी ओढलं जात नाही. वर ते आतल्या प्रथिनांना बाधत नाही, थंडीत उलट उपयोगीच पडतं. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाणी एकदम कमी खारट होतं, तेव्हा पेशी फुगून फुटायची वेळ येते, म्हणून साठा बाहेर टाकून देते. तो जीवाणू खातात, आणि त्यातल्या काहीचा डीएमएस, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड होतो, तो गंधक असलेला वायू. क्रिलसारख्या कोळंबीवजा छोट्या जीवांनी शेवाळ चरलं तरी सुटतो. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी म्हणे या वासावर खाण्याची जागा शोधतात.

धुरीचं विचारलंत ते छान विचारलंत. धुरीत सल्फर डायऑक्साइड असतो, डीएमएस वेगळा, त्याचा वास उकडलेल्या कोबीसारखा, कोबीत तो असतोच. पण हाच डीएमएस हवेत गेला की त्याच्यातल्या काहीचा सल्फर डायऑक्साइडच होतो, म्हणजे तुमच्या शेडवरचाच वायू, फक्त अगदी विरळ. पुढं सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म कण, आणि त्यांच्यावर वाफ जमून ढगाचे थेंब.

द्राक्षबाग_तासगाव :
ढग म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो ताई, फुलोऱ्यात दोन दिवस आभाळ आलं तर द्राक्षावर डाऊनीचा रोग ठरलेला. म्हणजे तिकडचं शेवाळ इकडं आभाळ आणतंय का? पोस्टरवर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, शेवाळ पृथ्वीचं तापमान सांभाळतं.

रसायन_मिरज :
तासगावच्या आभाळाशी त्याचा संबंध नाही, निश्चिंत राहा. ती ओळ मात्र खोडा. १९८७ मध्ये चार शास्त्रज्ञांनी तशी कल्पना मांडली होती, ऊन वाढलं की शेवाळ डीएमएस जास्त सोडेल, ढग वाढतील, पृथ्वी गार होईल. लव्हलॉक त्यातले एक. २०११ मध्ये त्यावर मोठी टीका आली, कारण ढगाचे कण समुद्राच्या मिठातनं आणि इतर गोष्टींतनंही येतात आणि फेरा एवढा सरळ नाही. "ढग तयार होण्यात हातभार लावतं" एवढंच लिहा.

कृष्णाकाठ :
काका, एक लक्षात घ्या, वास दाखवायला म्हणून तिथं गंधक पेटवू नका हां. आमच्या शाळेत एकानं पेटवलं होतं, अर्धा हॉल रिकामा आणि दम्याच्या एका पोराला उचलून न्यावं लागलं.

द्राक्षबाग_तासगाव :
तेच डोक्यात होतं, बरं झालं सांगितलं. कोबी उकडून थर्मासमध्ये न्यायचा ठरलाय.

अपडेट : थर्माकोलवालं जमलं!! पहिल्या वेळी आठ तास ठेवलं, वर नुसता पापुद्रा. मग चौदा तासांनी काढलं, वरचा बर्फ फिकट आणि तळाकडं गडद, मधनं निळ्या उभ्या रेषा, सरळ नाहीत, मुळ्यांसारख्या फाटे फुटलेल्या. पोरगी टॉर्च धरून अर्धा तास बघत बसली, मग म्हणाली पप्पा, खालचा रंग तपकिरी पाहिजे, शेवाळ तिथंच जास्त असतं. आता निळ्याऐवजी चहाचं पाणी घालून एक लादी लावलीय. गुरुवारपर्यंत अजून दोन करायच्या आहेत आणि मटार शेजारच्यांच्या फ्रीजरला आहेत. तासगावपर्यंत न वितळता न्यायला काय करावं, हे कोल्डस्टोरेजवाले दादा सांगतील का?

कोल्डस्टोरेज_सांगली :
त्याच खोक्यातनं न्या, झाकण टेपनं बंद करा, मोकळ्या जागेत भुसा भरा. साधा बर्फ लावू नका, खारा बर्फ साध्याच्या आधी सुटतो, उपयोग नाही. बुधवारी संध्याकाळी माझ्याकडं ठेवा, रात्रभर उणे अठराला राहील, सकाळी सातला येऊन घेऊन जावा.