शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं आहे: काउन्सिलला कसं लिहायचं, आणि भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का?

शाईदौत

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये राहतो. स्किल्ड वर्कर व्हिसा आहे आणि घरातल्या चौघांचेही पासपोर्ट भारतीय. धाकटीच्या प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडायची काहीच सोय नाही. वेगमर्यादा 30 मैलांची. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय रोज निघतो, पण लिहायचं कुणाला इथेच घोडं अडतं. जाणकारांनी मदत करावी.

पत्र बरो काउन्सिलला (शहराच्या स्थानिक संस्थेला) लिहायचं की आणखी कुणाला? त्यात काय लिहिलं म्हणजे ते फायलीत पडून राहणार नाही? आपण इथले नागरिक नाही, मग आपल्या पत्राला वजन असतं का? भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं म्हणतात, ते खरं आहे का, आणि त्याने आपल्या नागरिकत्वाला काही बाधा येते का? थोरला 16 वर्षांचा आहे, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत, त्यांचंही सांगा.

परसबाग

पहिल्या प्रश्नातच निम्मी पत्रं चुकतात, म्हणून आधी तेच.

वॉटफर्डला दोन काउन्सिलं आहेत. कचरा, बागा, घरांच्या बांधकामाच्या परवानग्या हे वॉटफर्ड बरो काउन्सिलकडे. रस्ते, फुटपाथ, क्रॉसिंग, वेगमर्यादा हे हर्टफर्डशर काउंटी काउन्सिलकडे, म्हणजे जिल्ह्याच्या काउन्सिलकडे. तुम्ही कौन्सिल टॅक्स बरोला भरता, बिलावर नाव बरोचं असतं, म्हणून सगळे तिकडेच लिहितात. बरो ते पत्र पुढे ढकलते किंवा 'हे आमच्याकडे नाही' असं कळवते, आणि महिना जातो. वाचणाऱ्या इतरांसाठी: लंडनच्या बरोंत किंवा स्लाउ, रेडिंगसारख्या ठिकाणी एकच काउन्सिल सगळं बघते. लंडनमधले रेड रूट (गाडी थांबवायला बंदी असलेले मुख्य रस्ते) ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे असतात आणि मोटरवे नॅशनल हायवेजकडे.

तेव्हा तुमचं पत्र जायला हवं तुमच्या भागाच्या काउंटी काउन्सिलरला. 'राइट टू देम' या साइटवर पोस्टकोड टाकलात की बरोचे काउन्सिलर, काउंटीचा काउन्सिलर आणि एमपी अशी वेगवेगळी यादी येते. शाळा तुमच्या घरापासून दुसऱ्या विभागात असेल तर शाळेचा पोस्टकोड टाकूनही बघा. मग दोघांनाही लिहा आणि एकाला लिहिल्याचं दुसऱ्याच्या पत्रात स्पष्ट सांगा.

एमपीला आत्ताच लिहू नका. क्रॉसिंग एमपीच्या हातात नसतं, ते तुमचं पत्र काउंटीकडेच पाठवतील. काउंटीने कारण न देता नकार दिला किंवा उत्तरच आलं नाही, तर मग एमपीचं पत्र कामाला येतं.

नागरिकत्वाचं म्हणाल तर काउन्सिलर विभागातल्या सगळ्या रहिवाशांचा असतो, मतदारांपुरता नाही. पत्राखाली पूर्ण नाव, पत्ता आणि पोस्टकोड लिहा, कारण पत्र आपल्याच भागातलं आहे का हे आधी बघितलं जातं. पासपोर्ट कुठला हे लिहायची गरजच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: काउन्सिलरला पगार नसतो, भत्ता असतो. बरेच जण दिवसा नोकरी करून संध्याकाळी पत्रं वाचतात. दोन-तीन आठवड्यांनी नम्र आठवण करणं इथे कुणाला खटकत नाही.

टाकबोरू

परसबाग यांनी पत्ता दिला, मी मजकुराचं सांगतो.

आपल्याला अर्ज लिहायची शाळेपासूनची सवय असते: 'वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की'. तोच ढंग इंग्रजीत उतरवला की पहिला परिच्छेद नमस्कारात जातो आणि मागणी तिसऱ्या परिच्छेदात सापडते. उलटं करा. विषयाच्या ओळीत रस्त्याचं नाव आणि शाळेचं नाव. पहिल्या वाक्यात मागणी: अमुक रस्त्यावर, अमुक दोन गल्ल्यांच्या मध्ये, रस्ता ओलांडण्याच्या सोयीची पाहणी करावी. 'झेब्राच द्या' असं लिहू नका, ते का ते पुढे सांगतो. सुरुवात 'डिअर काउन्सिलर' आणि आडनाव, एवढी पुरे. एक पान, एकच विषय. पार्किंग, खड्डे, दिवे यांची वेगळी तक्रार करा. त्यासाठी 'फिक्स माय स्ट्रीट' आहे, नकाशावर खूण करून फोटो टाकला की तक्रार योग्य काउन्सिलला पोचते.

आता आकडे. क्रॉसिंग ठरवायचं एक जुनं गणित आहे, अनेक काउन्सिलं आजही त्याचं काही ना काही रूप वापरतात. तासाला रस्ता ओलांडणारी माणसं (प्रस्तावित जागेच्या दोन्ही बाजूंना 50-50 मीटरमधली) गुणिले तासाला जाणाऱ्या दोन्ही दिशांच्या गाड्यांचा वर्ग. दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या चार तासांची सरासरी 10 कोटींच्या वर गेली तर क्रॉसिंगचा विचार होतो.

शाळा इथेच मार खातात. समजा सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना तासाला 150 माणसं ओलांडतात आणि 900 गाड्या जातात. 900 चा वर्ग 8,10,000, गुणिले 150, म्हणजे 12.15 कोटी. त्या दोन तासांत निकष सहज पार. पण उरलेल्या दोन तासांत 20 माणसं आणि 700 गाड्या असतील तर आकडा येतो फक्त 98 लाख. चारही तासांची सरासरी साडेसहा कोटींच्या आसपास, आणि पत्रावर शेरा पडतो: 'निकषात बसत नाही'. मुलांचा धोका तेवढ्या दोन तासांतच एकवटलेला असतो, तो सरासरीत विरघळून जातो. हे पत्रात स्वच्छ शब्दांत मांडा. शाळेच्या वेळेचे आकडे वेगळे द्या आणि त्याच वेळांसाठी वेगळा विचार मागा. 'पाहणी करावी' म्हणायचं कारण हेच. झेब्रा निकषात बसला नाही तरी रस्त्याच्या मध्ये थांबायला बेट, फुटपाथ पुढे काढून रस्ता अरुंद करणं, 20 मैलांचा झोन किंवा हातात गोल फलक घेऊन मुलांना ओलांडवणारी लॉलीपॉप व्यक्ती, यातलं काही मिळू शकतं. झेब्राच मागितलात तर 'नाही' एका ओळीत येतं.

मोजणी कशी करायची: दोघी-तिघी पालक, मंगळवार ते गुरुवारमधले कुठलेही दोन दिवस, सुट्टीच्या आठवड्यात नाही. सकाळी 8.15 ते 9.15 आणि दुपारी 3 ते 4. पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन आखलेला कागद, एकीने गाड्या, दुसरीने माणसं, मुलं आणि ढकलगाड्या वेगळ्या. पाऊस होता का तेही लिहा. काउन्सिल या मोजणीवर थेट निर्णय घेणार नाही, पण स्वतःची मोजणी लावायला तिला कारण मिळतं. रस्त्यावर आडव्या काळ्या रबरी नळ्या अंथरलेल्या दिसल्या की समजा मोजणी सुरू झाली. साधारण आठवडाभर त्या गाड्यांची संख्या आणि वेग टिपतात.

वेग का महत्त्वाचा? शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाला किंवा त्याखाली धावतात, तो वेग 35 मैलांच्या वर असेल तर तिथे सहसा झेब्रा देत नाहीत, कारण वेगात आलेली गाडी माणसासाठी थांबेल याचा भरवसा नसतो. तिथे सिग्नल लागतो आणि त्याचा खर्च बराच जास्त.

अपघातांबद्दल: काउन्सिल मोजते ते पोलिसांत नोंदलेले, कुणाला इजा झालेले अपघात. 'क्रॅशमॅप' साइटवर तुमच्या रस्त्याच्या नोंदी नकाशावर दिसतात. 'थोडक्यात वाचलं' याची नोंद कुठेच नसते. म्हणून असे प्रसंग तारीख, वेळ आणि दिशेसकट एका वहीत लिहून ठेवा आणि पत्रासोबत तक्ता जोडा. 'रोजच असं होतं' या वाक्याचा उपयोग शून्य.

नदीकाठ

मतदानाचं मी सांगते, कारण यात गैरसमज फार आहेत.

हो, देता येतं. भारत राष्ट्रकुलातला देश आहे. युनायटेड किंग्डममध्ये राहणाऱ्या आणि राहायची वैध परवानगी असलेल्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला काउन्सिलच्या आणि पार्लमेंटच्याही निवडणुकीत मत आहे. व्हिसा कामाचा, अवलंबिताचा की विद्यार्थ्याचा याने फरक पडत नाही, किती वर्षं राहिलात यानेही नाही. भारतीय नागरिकत्वाला काही होत नाही. भारतातलं मतही राहतं: फॉर्म 6A भरून परदेशस्थ मतदार होता येतं, फक्त मत द्यायला स्वतः भारतात जावं लागतं. पुढे ब्रिटिश नागरिकत्व आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घेतलंत तर मात्र भारतातलं मत जातं.

नोंदणी सरकारी साइटवर पाच मिनिटांत होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. नसेल तरी अर्ज होतो, काउन्सिल पासपोर्टची प्रत मागू शकते. कौन्सिल टॅक्स भरता म्हणून नाव आपोआप यादीत गेलं असं समजू नका, ती खाती वेगळी. मतदानाच्या 12 कामाच्या दिवसांआधी नोंदणी व्हायला हवी, पोस्टल व्होटचा अर्ज 11 कामाच्या दिवसांआधी संध्याकाळी 5 पर्यंत. अर्जात 'ओपन रजिस्टर'चा प्रश्न येतो. तिथे नको म्हणा, ती यादी कंपन्यांना विकत मिळते. मुख्य यादीत नाव असण्याचा एक फायदा मॉर्टगेजच्या वेळी कळतो, कर्ज देणारे पत्ता पडताळायला ती बघतात.

थोरल्याला इंग्लंडमध्ये सध्याच्या नियमाने 16 पासून नाव नोंदता येतं, मत मात्र 18 पूर्ण झाल्यावर. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तिथल्या संसदेला आणि काउन्सिलला 16 व्या वर्षीच मत आहे. सासू-सासरे भेटीच्या व्हिसावर आलेले, इथले रहिवासी नाहीत, त्यांची नोंदणी करू नका.

आणखी एक: यादीत नाव आलं की कोर्टात ज्युरीसाठी बोलावणं येऊ शकतं. वय 18 ते 75 आणि 13 व्या वर्षानंतर इथे सलग किमान पाच वर्षं वास्तव्य, एवढीच अट, नागरिकत्वाची नाही. पत्राला 7 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भारताची तिकिटं काढलेली असतील तर एकदा पुढे ढकलून मागता येतं.

शाईदौत

किती नेमकं सांगितलंत, मनापासून आभार. दोन शंका. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, कौन्सिल टॅक्सच्या बिलावर सासरचं. मतदानाला अडेल का? आणि ग्रुपवर काही जण म्हणतात, सरळ पार्लमेंटची ऑनलाइन पिटिशन टाकू.

नदीकाठ

नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा. मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट त्यात चालतो, मुदत संपलेला असला तरी, फोटोतला चेहरा ओळखू येत असेल तर. फोनमधला फोटो किंवा ई-व्हिसाचा स्क्रीनशॉट चालत नाही, मूळ पासपोर्टच हवा. यादीत सासरचं नाव आधीच गेलं असेल तर विवाहाचा दाखला बरोबर न्या. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तेवढ्या फरकाने सहसा अडत नाही. केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडं. मुलांना आत नेता येतं, खूण मात्र तुम्हीच करायची. धाकटीला जरूर न्या. दाराबाहेर पक्षांचे लोक तुमचा मतदार क्रमांक विचारतात, ते अधिकारी नसतात, सांगायचं बंधन नाही.

टाकबोरू

पार्लमेंटची पिटिशन या कामाची नाही. ती सरकारच्या किंवा पार्लमेंटच्या अखत्यारीतल्या विषयाला असते. 10,000 सह्यांना सरकारचं उत्तर, 1,00,000 ला चर्चेचा विचार. एका शाळेसमोरचं क्रॉसिंग तिथे फेटाळलं जाईल. काउंटीची स्वतःची पिटिशनची पद्धत असते, ती बघा. सह्यांसमोर पोस्टकोड घ्या. परगावच्या मित्रांच्या दोनशे सह्यांपेक्षा त्याच रस्त्यावरच्या चाळीस भारी.

त्याआधी शाळेचं पत्र मिळवा. मुख्याध्यापकांच्या पत्रात मुलांची संख्या आणि चालत येणाऱ्यांचं प्रमाण असेल तर काउन्सिलरला ते पुढे सरकवणं सोपं जातं. शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर पालकांतून निवडलेले पेरेंट गव्हर्नर असतात, त्यांच्यामार्फत विषय गव्हर्नरांच्या बैठकीत येऊ शकतो. मुदत बहुधा चार वर्षं, मानधन नाही, नागरिकत्वाची अट नाही. जागा रिकामी झाली तर तुम्हीही उभ्या राहू शकता.

परसबाग

नकार आला तर माहितीचा अधिकार वापरा. 2000 चा कायदा आहे, कुणीही मागू शकतं, कारण सांगावं लागत नाही, साधा ईमेल चालतो. खरं नाव आणि उत्तराचा पत्ता हवा. काउन्सिलने 20 कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. 'रस्त्याबद्दलची सगळी माहिती द्या' असं मागितलंत तर शोधायला 18 तासांपेक्षा जास्त लागतील म्हणून नाकारता येतं. त्याऐवजी लिहा: अमुक रस्ता, गेल्या पाच वर्षांतल्या वाहन-मोजणीचे आणि वेग-मोजणीचे निकाल, आणि क्रॉसिंगच्या विनंत्यांना गुण देण्याची पद्धत. ही पद्धत हाती आली की तुमची विनंती किती गुणांनी मागे पडली ते दिसतं, आणि पुढचं पत्र त्यावरच लिहिता येतं.

सगळं जुळून आलं आणि काउंटी झेब्रा द्यायला तयार झाली, तरी ग्रुप बंद करू नका. झेब्रा आखण्याआधी पोलिसांशी सल्लामसलत आणि जाहीर नोटीस लागते. झेब्राच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या नागमोडी रेघा येतात, तिथे गाडी उभी करता येत नाही. ज्या घरांसमोरची पार्किंगची जागा जाते ते लोक नोटीस लागताच हरकत पाठवतात. बाजूने लिहिणारे पालक मात्र काम झालं समजून गप्प बसतात, आणि फायलीत फक्त हरकतीच उरतात. नोटीस खांबाला लावतात, काउन्सिलच्या साइटवरही असते. शेवटची तारीख बघा आणि प्रत्येक पालकाने आपल्या शब्दांत दोन-चार ओळी पाठवा. एकच मजकूर तीस जणांनी चिकटवला तर तो बहुधा एकच मुद्दा म्हणून नोंदला जातो.