मदत हवी आहे: बसून गोळाफेकीच्या खुर्चीचा दांडा हलतो

जन्मतः स्पायना बिफिडा (पाठीचा कणा आणि मज्जारज्जू नीट न घडण्याचा दोष) असलेल्या एका मुलीसाठी पॅरा (दिव्यांगांच्या) गोळाफेकीची खुर्ची फॅब्रिकेटरकडून बनवून घेतोय. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, धरायचा दांडा. तो सरळ, एकसंध हवा आणि फेकताना हलताना दिसता कामा नये. आमचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) पाइप गोळा सुटताना वेल्डिंगपाशी हलतो. जाड पाइप घ्यावा की बुडाशी तिरका आधार द्यावा? मातीच्या मैदानावर खुर्ची जमिनीला कशी बांधता? रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे पट्टे) ताणले की खुंट्या उपटून येतात.

दुसरं जास्त काळजीचं आहे. तिला मांडीखाली संवेदना नाही, त्यामुळे कडक सीटने जखम झाली तरी कळत नाही. गादी हवीच, पण सीटची उंची गादीसकट ७५ सेंटीमीटरच्या आत बसवावी लागते. मऊ फोम दबतो, बूड सरकतं आणि सीटवरून उठल्याचा फाउल मिळतो. पातळ तरी न दबणारा कोणता फोम वापरता? सरावानंतर त्वचेवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर बसणं बंद ठेवतो.

स्पायना बिफिडात लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी बऱ्याचदा असते, म्हणून रबरी पट्टे सुचवू नका. मांडीचे पट्टे तसेही न ताणणारेच लागतात.

खुर्ची बनवलेल्यांनी मापं आणि फोटो टाकावेत, प्लीज.