मदत हवी आहे: १८८८ मध्ये चिनी खलाशाला बंदरात उतरता येत होतं का?

शिडाची_होडी
ऐतिहासिक कथा लिहितेय. आगबोटीवरचा चिनी फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) बंदरात चार तास उतरतो, असा प्रसंग आहे. त्याच्याकडे कुठला कागद असायचा? पास, दाखला, काय? आणि अशा खलाशांची नावं कुठल्या दप्तरात सापडतील? शनिवारपर्यंत मजकूर द्यायचाय. कृपया थेट उत्तर द्या, 'गूगल करा' नको.

हेमंत_७२
कॅनडात येणाऱ्या चिनी माणसांवर १८८५ पासून डोक्यामागे ५० डॉलर कर होता. १९०० मध्ये १०० झाला, १९०३ मध्ये ५००. शिवाय जहाजाच्या दर ५० टनांमागे एकच चिनी प्रवासी आणता येई.

शिडाची_होडी
प्रवासी नाही, खलाशी! आणि कॅनडाही नाही.

दस्तऐवज
मग कुठलं बंदर? प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे.

शिडाची_होडी
सॅन फ्रान्सिस्को. लिहिलं नव्हतं का?

गलबत
मग सोपं आहे. १८८२ च्या बहिष्कार कायद्यानंतर (चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा) काही महिन्यांतच आह सिंग नावाच्या खलाशाचा खटला झाला. तो 'सिटी ऑफ सिडनी'वर सॅन फ्रान्सिस्कोहून ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आला. हातात परतीचा दाखला नव्हता, म्हणून उतरू देईनात. न्यायमूर्ती फील्ड यांनी निकाल दिला की अमेरिकन जहाज म्हणजे अमेरिकेचीच हद्द, त्यामुळे हा माणूस देश सोडून गेलाच नाही. तुमच्या नायकाला बिनधास्त उतरवा.

दस्तऐवज
गलबत, थांबा. तो निकाल अमेरिकन जहाजापुरता आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या माणसापुरता आहे. होडीताई, जहाज कोणतं, झेंडा कुठला, माणूस कुठे भरती झाला आणि महिना कोणता? या चार गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

शिडाची_होडी
'बेल्जिक'. ऑक्टोबर १८८८. हाँगकाँगला भरती. कंपनी ऑक्सिडेंटल अँड ओरिएंटल, म्हणजे अमेरिकनच ना?

दस्तऐवज
कंपनी अमेरिकन, जहाज ब्रिटिश. ही कंपनी व्हाइट स्टार या ब्रिटिश कंपनीची जहाजं भाड्याने घेऊन चालवायची. त्यामुळे आह सिंगचा आधार तुमच्या फायरमनला मिळत नाही, आणि हाँगकाँगला भरती झालेला असल्यामुळे 'आधीचा रहिवासी' हेही लागू नाही.

शिवाय तुम्ही निवडलेला महिना सर्वांत वाईट आहे. १ ऑक्टोबर १८८८ ला स्कॉट कायदा आला आणि परतीचे सुमारे २०,००० दाखले एका फटक्यात रद्द झाले. आठवड्याभरात याच 'बेल्जिक'वरून चे चॅन पिंग पोहोचला. जाताना रीतसर घेतलेला दाखला त्याच्या हातात होता, तरी उतरू दिलं नाही. जहाजावरच अडकवून ठेवलं. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो हरला, आणि तो निकाल लिहिणारे पुन्हा तेच फील्ड. पण तो प्रवासी होता हे लक्षात ठेवा, त्याची हकीकत तुमच्या फायरमनला चिकटवू नका.

नकाशावाला
सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर येणाऱ्यांची चौकशी व्हायची. तो प्रसंग घाला, वाचकांना आवडेल.

दस्तऐवज
एंजल आयलंडचं ठाणं जानेवारी १९१० मध्ये उघडलं. १८८८ मध्ये सगळा अधिकार कस्टम्स कलेक्टरचा, म्हणजे अर्थखात्याचा. गणवेशातला 'इमिग्रेशन अधिकारी' कथेत आलाच तर तो काढा.

शिडाची_होडी
ठीक. पण पास असतो की नाही?

दस्तऐवज
१८८२ च्या कायद्यात खलाशांसाठी पास नाहीच. दाखला होता तो देश सोडून परत येणाऱ्या मजुरासाठी. आणि कलम १५ प्रमाणे कुशल-अकुशल दोन्ही 'मजूर' धरले आहेत, त्यामुळे फायरमन कारागीर आहे असं म्हणून सुटका नाही. गुन्हा घडतो तो मजुराला जाणूनबुजून उतरवल्यावर किंवा उतरू दिल्यावर: माणशी ५०० डॉलरपर्यंत दंड, कप्तानाला एक वर्षापर्यंत कैद, आणि वर जहाज जप्त होण्याची तरतूद. एवढी जोखीम असल्यावर कुठला कप्तान चार तासांची रजा देईल?

गलबत
कलम ३ विसरलात. परदेशी बंदराकडे निघालेलं जहाज वाटेत अमेरिकेत टेकलं, तर सूट आहे. अट एवढीच की आलेले सगळे चिनी मजूर जहाजाबरोबर परत निघाले पाहिजेत.

दस्तऐवज
'वाटेत' टेकलं तर. 'बेल्जिक'ची फेरी सॅन फ्रान्सिस्कोलाच संपत होती. वकील दोन्ही बाजूंनी भांडू शकेल. पण धक्क्यावर पाऊलच ठेवलं नाही, तर भांडण उद्भवत नाही.

अपर्णा_द
'मरिनर्स अँड शिप्स इन ऑस्ट्रेलियन वॉटर्स' पाहा! सिडनीत आलेल्या जहाजांच्या १८४५ ते १९२२ च्या याद्या, खलाशांची नावं, वय, हुद्दा, देश, सगळं फुकट.

शिडाची_होडी
अहो, सिडनी नाही!!

अपर्णा_द
कळलं. पण जहाज ब्रिटिश असल्यामुळे तुमचं खरं दप्तर सॅन फ्रान्सिस्कोत नाहीच, ते ब्रिटिश क्रू अ‍ॅग्रीमेंट आहे. म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा भरतीचा करारनामा. खलाशाचं वय, जन्मगाव, आधीचं जहाज, हुद्दा, पगार, कुठे चढला, कुठे उतरला आणि का, इतके रकाने त्यात असतात. कागद जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावलेले आहेत, नावाने नाही. तो क्रमांक 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट'वर शोधा. 'बेल्जिक' दोन होत्या. पहिली १८८३ मध्येच विकली गेली होती, तुम्हाला १८८५ ची हवी. मग वर्ष बघा. ५ ने संपणाऱ्या वर्षांचे बहुतेक कागद लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. १८८८ चे सुमारे दहा टक्के लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, बाकीचे मुख्यतः कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात, मेरीटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये. ईमेल आधी तिकडे करा.

नावावरून शोधू नका. 'आह' लावलेली तीच ती नावं यादीभर येतात. वय, हुद्दा आणि आधीचं जहाज जुळवा.

गलबत
सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोच्या अमेरिकन अभिलेखागारात चिनी लोकांच्या चौकशीच्या फायली आहेत की, १८८४ पासूनच्या!

दस्तऐवज
आहेत, पण त्या उतरण्यासाठी अर्ज केलेल्यांच्या. जहाजावरच राहिलेल्या फायरमनची फाइल कशाला उघडेल? हेबियस कॉर्पसचे (अडकवून ठेवल्याविरुद्ध कोर्टात केलेले) अर्ज मात्र फेडरल जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात मिळतात. न्यायाधीश हॉफमन यांच्यासमोर असे हजारो आले.

कोकणकडा
आपल्या रत्नागिरीच्या खलाशांनाही हाच त्रास व्हायचा का? पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर आपले बरेच लोक असत.

दस्तऐवज
बहिष्कार कायदा फक्त चिनी लोकांसाठी होता. आपल्यांना फटका बसला ऑस्ट्रेलियात. १९०१ च्या पोस्ट अँड टेलिग्राफ कायद्याने टपालाचं कंत्राट घेणाऱ्या जहाजांवर फक्त गोरे कामगार हवेत अशी अट घातली. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

शिडाची_होडी
म्हणजे माझा नायक उतरणारच नाही? मग अख्खा प्रसंगच गेला!

अपर्णा_द
नाही गेला. तो परत येणार आहे की पळून जाणार आहे, हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

शिडाची_होडी
पळून जाणार.

दस्तऐवज
मग रजा मागू नका, रात्री उतरवा. कायद्यात 'जाणूनबुजून' असं आहे, त्यामुळे कप्तान बचाव करू शकेल. सकाळी हजेरी घेतल्यावर अ‍ॅग्रीमेंटमध्ये त्याच्या नावापुढे 'फरार' लिहिलं जाईल, तारीख आणि बंदरासकट.