मदत हवी आहे: आत्याला येणारा अत्तराचा वास

ग्वाल्हेरकरांनो, थोडा विचित्र प्रश्न आहे, हसू नका.

आमची आत्या लश्कर भागात एकटी राहते. काही महिन्यांपासून पहाटे तिला अत्तराचा वास येतो आणि देवघराच्या उंबऱ्यापाशी कुणीतरी बसल्याचं जाणवतं. ती म्हणते, ‘जिन्न आहे, पण भला आहे.’ सुरुवात झाली हजिरा भागातल्या मुहम्मद गौसांच्या दर्ग्याला जाऊन आल्यावर. (गेली होती तिथेच शेजारी असलेल्या तानसेनच्या समाधीपाशी, गळा गोड होतो म्हणतात तो चिंचेचा पाला आणायला!) गौस १६व्या शतकातले शत्तारी पंथाचे सूफी संत, नामजप आणि अदृश्य शक्तींच्या साधनेसाठी नावाजलेले, त्यामुळे शेजारीपाजारी लगेच धागेदोरे जुळवून मोकळे.

मी तिला सांगितलं, झोपेत शरीर सैल पडलेलं असतं, मेंदू आधी जागा होतो, तेव्हा असे भास होतात. त्यावर ती म्हणाली, ‘अगं, मी तेव्हा गॅसवर चहा ठेवलेला असतो.’ आता काय बोलणार! घाबरलेली मुळीच नाही, उलट दोन कप काढून ठेवते. म्हणून मांत्रिक, उतारा, ताईत वगैरे सुचवू नका. एकाने आधीच पैसे उकळलेत.

मला दोन गोष्टी हव्यात. नसलेले वास येण्यासाठी आधी कुणाला दाखवावं, नाक-कान-घसावाल्यांना की मेंदूच्या डॉक्टरांना? आणि कुराणात धूर नसलेल्या आगीपासून घडलेले म्हणून जे जिन्न सांगितलेत, त्यांच्याबद्दल तिच्याशी निवांत बोलेल असं कुणी जाणकार, शक्यतो मराठी समजणारं, ओळखीत आहे का? मेसेज करा.