मदत हवी आहे : बाहुल्यांच्या हातापायांचे डूल – भोक फाटायलंय, पिनेभोवती हिरवं पडायलंय

जालन्याची_माळ

नमस्कार मंडळी. बचत गटात जुन्या बाहुल्यांचे हात, पाय, बूट आणि डोळे वापरून डूल आणि माळा करायचं काम चालू आहे. घराघरातून आणि भंगारवाल्याकडून मिळून 43 बाहुल्या जमल्यात. दिवाळीआधी 60 जोड डूल द्यायचेत आणि काम अडलंय.

आतापर्यंतची पद्धत अशी : बाहुल्या साबणाच्या पाण्यात धुतल्या, बोअरच्या पाण्यात खळबळल्या, पत्र्यावर उन्हात वाळवल्या. हाताच्या वरच्या टोकाला सुई तापवून भोक पाडलं, 0.7 मिमीची सोनेरी मुलाम्याची पितळी हेडपिन (एका टोकाला चपटं डोकं असलेली तार) घातली, वर लूप वळवून हूक अडकवला. काही ठिकाणी झटपट गोंदाचा थेंब दिला. बोटांना नेलपेंट लावलं.

आता काय व्हायलंय ते सांगते. तीन-चार दिवसांत पिन भोकातून ओघळून बाहेर यायलीय, भोक लांबट फाटायलंय. काही हातांवर पिनेभोवती हिरवट डाग पडलाय, तो आत मुरलाय, घासून निघत नाही. नेलपेंट पंधरा दिवस झाले तरी बोटाला चिटकतंय. गोंद काही तुकड्यांवर दगडासारखा बसतो, काहींवरून पापुद्रा निघावा तसा निघतो. आणि पत्र्यावर वाळवलेल्या पायांपैकी काही तेलकट झालेत, पुसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलकट.

हिरवं का पडायलंय आणि पिन टिकायची कशी, एवढं कळलं तरी पुष्कळ होईल.

आरी_पक्कड

ताई, तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ एकच आहे. बाहुली एका प्लास्टिकची नसते आणि तुम्ही सगळ्या भागांना एकच वागणूक दिली. मुंडकं आणि हात बहुधा मऊ पीव्हीसीचे, आपण ज्याला रबर म्हणतो ते. धड कडक एबीएसचं. स्वस्तातल्या पोकळ बाहुल्या, छोटे बूट आणि कंगवे पुष्कळदा पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचे. भोक, गोंद आणि रंग या तिन्ही गोष्टी तिघांसाठी वेगळ्या.

म्हणून आधी निवड करा. प्रत्येक प्रकारच्या भागाचा नखाएवढा तुकडा कापून साध्या पाण्यात टाका. अख्खा पोकळ हात टाकू नका, आतल्या हवेनं तो तरंगतो आणि फसवतो. तुकड्याला चिकटलेले बुडबुडेही बोटानं काढा. तरंगला तर पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलिनच्या घरातलं. बुडाला तर तो तुकडा एक लिटर पाण्यात 150 ग्रॅम मीठ विरघळवलेल्या पाण्यात टाका. तिथे तरंगला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरिन, तिथेही बुडाला तर पीव्हीसी. एकदा निवड झाली की तीन पिशव्यांवर चिठ्ठ्या लावा आणि एकमेकांत मिसळू देऊ नका. का, ते शेवटी सांगतो.

आता भोक. तापवलेली सुई आजपासून बंद करा. पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो नाकाला आणि घशाला वाईट, आणि भोकाच्या कडेला राहिलेला त्याचा अंश ओल धरून पीन गंजवतो. शिवाय सुईनं वितळलेली कड पातळ आणि ठिसूळ होते, फाटायला तिथूनच सुरुवात होते. हातानं फिरवायचं छोटं ड्रिल आणा, सोबत 1 आणि 1.2 मिमीची पाती. मऊ पीव्हीसीत पातं अडकतं आणि बाहेर काढल्यावर भोक आपोआप आकसतं, म्हणून 0.8 मिमीच्या पिनेसाठी 1.2 चं पातं. त्याआधी तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडक होतात आणि भोक स्वच्छ पडतं. एका वेळी पाच-सहाच बाहेर काढा, आपल्याकडच्या हवेत ते दोन मिनिटांत पुन्हा मऊ पडतात. भोक कडेपासून किमान 3 मिमी आत हवं.

पण मुख्य गोष्ट ही की मऊ हाताला आडवं भोक पाडून त्यावर वजन टांगायचंच नाही. सगळा भार भोकाच्या एका कडेवर येतो, आणि मऊ प्लास्टिक सततच्या भारानं हळूहळू ताणत जातं. पीन उभी घ्या, हाताच्या आतून आरपार. हात पोकळ असेल तर खांद्याकडचं तोंड मोकळंच असतं. तिथे आत बसेल असा 5-6 मिमीचा लाकडी मणी घ्या. तळहाताच्या बाजूनं भोक पाडून हेडपिन आत घाला, मण्यातून वर काढा, खांद्याच्या तोंडावर मणीटोपी (मण्यावर बसवायची धातूची छोटी वाटी) बसवा आणि पक्कडीनं लूप वळवून शेपूट दोन वेढे गुंडाळा. पिनेचं डोकं बारीक असेल तर त्याच्याखाली पोताचा एक मणी घाला, म्हणजे ते मऊ प्लास्टिकमधून ओढलं जात नाही. अशा जोडणीत सगळा भार टोपी आणि मणी घेतात, गोंद लागतच नाही. भरीव हात असेल तर तळव्यापासून खांद्यापर्यंत आरपार भोक पाडा, बाकी तसंच.

गोंदाचं उत्तर निवडीतच आलं. साध्या पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर झटपट गोंदही बसत नाही आणि इपॉक्सीही (दोन भाग मिसळून करायचा गोंद) बसत नाही. एबीएसवर दोन्ही छान बसतात. मऊ पीव्हीसीवर झटपट गोंद धरतो, पण स्वतः काचेसारखा कडक होतो. हात वाकला की तो तडकतो आणि भोवती पांढरी धूळही बसते.

पिशव्या वेगळ्या का, ते आता. मऊ पीव्हीसीत मऊपणासाठी तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हानं ते बाहेर पाझरतं. तुमच्या पत्र्यावरच्या पायांचा तेलकटपणा तोच. हे द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरिन-एबीएसमध्ये शिरून त्याला चरे पाडतं, मऊ करतं. पारदर्शक कडक डब्यात रबरी हात महिनाभर राहिले तर डब्याला त्यांचे ठसे उमटलेले दिसतील.

निरालाबाजार_रंग

नेलपेंटचंही तेच कारण. त्यातलं द्रावक मऊ पीव्हीसीत शिरतं, आणि आतलं तेलकट द्रव्य वर येऊन रंगाला सुकू देत नाही. पंधरा दिवस काय, वर्षभर थांबलात तरी चिकटच राहील. डब्यातल्या स्प्रे पेंटचीही तीच गत होते.

पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. आधी भांड्यांच्या साबणानं हात धुवा, सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा एकदाच फिरवा, मग रंगाचे दोन पातळ थर द्या. पहिला थर पूर्ण वाळू द्या. जाड एकच थर दिला तर हात वाकवताना त्याचे पापुद्रे सुटतात. वरून अ‍ॅक्रिलिकचंच मॅट व्हार्निश.

लागलेलं नेलपेंट काढायला अ‍ॅसिटोन वापरू नका. एबीएसचा भाग असेल तर अ‍ॅसिटोननं तो विरघळतो, पीव्हीसी असेल तर पृष्ठभाग खरबरीत होतो. अल्कोहोलनं जेवढं निघेल तेवढं काढा, बाकीचे तुकडे बाजूला.

जालन्याची_माळ

खूप आभार. पाण्याची परीक्षा लगेच केली. बहुतेक हात आणि मुंडकी मिठाच्या पाण्यातही बुडाली, धडं मिठाच्या पाण्यात तरंगली, बूट आणि कंगवे साध्या पाण्यातच वर आले. नवीन पद्धतीनं चार जोड केलेत, लूप ओढून पाहिला, हलत नाही.

हिरव्या डागाचं राहिलं. आणि दुसरं, डोळे मिटणाऱ्या बाहुल्या 9 आहेत. डोळे काढून अंगठीत बसवायचेत, पण काढताना पापणी गळायलीय.

गंज_आणि_मुलामा

हिरवं म्हणजे तांब्याचा गंज. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पिनेवरचा सोनेरी मुलामा अगदी पातळ असतो, पक्कडीनं लूप वळवताना तो चिरतो आणि कापलेल्या टोकाला तर तो नसतोच. तिथलं तांबं घाम, दमट हवा आणि पीव्हीसीच्या संगतीनं गंजतं, आणि हिरवे क्षार मऊ प्लास्टिकमध्ये शोषले जातात. धातूची कर्णफुलं घातलेल्या जुन्या बाहुल्यांचे कान हिरवे पडतात ते याच कारणानं. जुन्या बाहुल्या जमवणाऱ्यांमध्ये ही जुनी आणि परिचित डोकेदुखी आहे. घासून जात नाही, कारण डाग वर नसतोच.

उपाय एकच, पीव्हीसीला टेकणारा धातू स्टेनलेस स्टीलचा घ्या. 0.8 मिमी म्हणजे 20 गेजच्या हेडपिना. दुकानात लोहचुंबक घेऊन जा. मुलामा दिलेली लोखंडी पीन चुंबकाला पटकन चिकटते. 304 किंवा 316 प्रतीचं स्टील चिकटत नाही, फार तर जरासं ओढलं जातं. पितळाला मात्र ही परीक्षा चालत नाही. त्यासाठी पिनेचं टोक कानशीनं घासून बघा, आत पिवळं दिसलं की ती नको.

पितळी माल आधीच घेऊन ठेवला असेल तर तो बूट, कंगवे आणि धडाच्या तुकड्यांसाठी वापरा, तिथे हा त्रास नाही. रबरी हातात तीच पीन वापरायचीच असेल तर बॉलपेनची रिकामी रिफिल अल्कोहोलनं आतून स्वच्छ धुवून तिची नळी अस्तरासारखी भोकात बसवा. भोक नळीच्या मापाचं पाडावं लागेल, म्हणून हे जाड हातांनाच जमतं. वायरीवरचं आवरण मात्र अस्तराला नको, ते स्वतःच बहुधा पीव्हीसी असतं.

पडलेला डाग : औषधाच्या दुकानात मुरुमांवरची बेंझॉइल पेरॉक्साइडची 5 टक्के जेल मिळते. डागापुरतीच जाड लावा, पातळ प्लास्टिक गुंडाळा, सकाळच्या उन्हात ठेवा, रोज उघडून बघा. काही दिवस लागतात. ती रंगही उडवते, तेव्हा जास्त ठेवली तर डागाच्या जागी फिकट ठिपका उरतो. साठ जोडांच्या गडबडीत यात वेळ घालवू नका. डागाळलेल्या हाताची बोटंच तेवढी कापून मण्यांसारखी ओवता येतात.

कानात जाणारा हूकही तपासा. स्वस्त हुकांतल्या निकेलनं पुष्कळ जणींचे कान चिघळतात. सर्जिकल स्टील किंवा चांदीचा घ्या.

कोंदण

डोळ्यांबद्दल. पापणी नायलॉनची असते आणि नुसत्या गोंदावर टेकलेली असते. उकळत्या पाण्यात मुंडकं घातलं की ती सुटणारच. साधारण 70 अंशाचं पाणी घ्या, म्हणजे उकळी येण्याच्या बरंच आधी गॅस बंद. डोळ्यांची बाजू वर ठेवून मुंडक्याचा मागचा भाग तीन-चार मिनिटं बुडवा. मानेच्या भोकातून बोट घालून डोळा आतून बाहेर ढकला, बाहेरून पक्कडीनं ओढू नका. बाहेर आला की डोळा ज्या वाटीत बसलेला असतो तिच्या मागची बरगडी निपरनं (छोट्या कापायच्या पक्कडीनं) काटा. आत पाणी गेलं असेल तर सावलीत उलटा ठेवून पूर्ण दिवस वाळवा, नाहीतर आतली लोखंडी दांडी गंजून बुबुळावर तांबूस ओघळ येतो.

डोळा मिटवणारं वजन काढून टाका. फार जुन्या बाहुल्यांत ते शिशाचं असू शकतं. दागिन्यात ते नकोच आणि कापायलाही नको.

डोळ्याचा व्यास व्हर्नियरनं मोजा. डोळा 14 मिमीचा असेल तर 15 मिमीचं कोंदण घ्या, एक मिमी इपॉक्सीला जागा. इपॉक्सीचं प्रमाण पाकिटावर लिहिलं असेल तेच, आणि ते काट्यावर वजनानं सांगितलंय की मापानं, हे नीट वाचा. प्रमाण चुकलं तर ते कधीच कडक होत नाही. काडीनं हळू ढवळा, फेटलं की बुडबुडे अडकतात. पापणीला इपॉक्सी लागू नये म्हणून ती आधी कागदी टेपनं वर दाबून ठेवा. 24 तास हात लावायचा नाही.

तुळजापूर_दोरा

माळांविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मुंडकी आणि हात एकाच दोऱ्यात सलग ओवले तर गळ्यात सगळे मध्यभागी घसरतात आणि एकमेकांवर घासून रंग जातो. प्रत्येक नगाच्या दोन्ही बाजूंना गाठ हवी. पटवेकऱ्याकडून गाठवून घेतलेली माळ बघा, तसंच. मेणाचा हात दिलेला जाड सुती किंवा पॉलिस्टरचा दोरा चालतो. गडद लाल, काळा किंवा निळा दोरा मात्र फिक्या हातांजवळ नको, कापडाचा आणि दोऱ्याचा कच्चा रंग मऊ पीव्हीसीत उतरतो आणि निघत नाही. हळदीकुंकवाचे डागही तसेच. ग्राहकांना हे सांगून द्या.

वजन तोळ्याच्या काट्यावर करा. डुलाला एका कानाचे 8 ग्रॅम ही वरची हद्द ठेवा. मोठं मुंडकं कानाला घालूच नका, ते माळेचं पदक म्हणून चांगलं दिसतं. नगांचा क्रम बघायचा असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात एकदा जाऊन या. तिथले जुने मणी आणि भाजक्या मातीच्या मूर्ती समोर असल्या की लहानाकडून मोठ्याकडे जाणारी रचना डोळ्यात बसते.

आणि बोअरचं पाणी. शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात करा. जड पाण्याचा पांढरा थर बोटांच्या खाचांत राहतो आणि रंग तिथूनच सुटतो.

जालन्याची_माळ

स्टीलच्या पिना मागवल्या. तेलकट झालेले पाय अजून पडून आहेत, सुमारे 20. ते वाचवता येतील का?

आरी_पक्कड

ताई, ते अंगावर येणाऱ्या दागिन्यात वापरू नका. साबणानं धुवून टाल्कम पावडर लावली तर आठवडाभर कोरडे वाटतील आणि पुन्हा पाझरतील. आतलं द्रव्य सुटायला लागलं की ते थांबवता येत नाही, आणि कानाच्या-गळ्याच्या घामात ते नको. भारतात खेळण्यांना आयएसआय खूण 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या, खूण नसलेल्या बाजारी बाहुल्यांत कोणतं द्रव्य आणि कोणता रंग घातलाय याची काहीच खात्री नसते. असे चिकट भाग ओळखून बाजूला काढा, जाळू मात्र नका.

उरलेल्या जोडांसाठी : तयार डूल एकेक करून पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत ठेवा, पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोकं पत्र्याच्या खोलीत नको. प्रत्येक पाकिटावर दोन ओळी लिहा – लहान मुलांच्या हाती देऊ नये, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. बाहुलीच्या कंपनीचं नाव दागिन्याच्या नावात घालू नका, तो त्यांचा नोंदवलेला ट्रेडमार्क असतो.

60 जोड द्यायचे असतील तर 66 करा. भोक पाडताना पाच-सहा नग तरी वाया जातातच, आणि डावा-उजवा हात जुळवून जोड लावताना आणखी एखाददुसरा बाद होतो. हातांची डावी-उजवी निवड भोक पाडायच्या आधीच करून घ्या.