मंडळीतील मानसिक आजार असलेल्या सभासदाला आधार कसा द्यावा?

प्रश्न: मंडळीतील (चर्चमधील) एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, कोल्हापूर

सर्वांना सलाम. आमची मंडळी लहान आहे, सगळे एकमेकांना घरच्यासारखे ओळखतात, आणि नेमकी तीच गोष्ट या वेळी अडचणीची ठरली आहे. आमच्यातील एका तरुणाला बायपोलर आजार (मन कधी उन्मादाकडे, तर कधी खोल नैराश्याकडे झुकते तो) असल्याचे निदान झाले असून त्याला मन स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. त्याच्या आईने घरगुती प्रार्थनासभेत मोठ्या विश्वासाने ही गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी ती प्रार्थना-विनंती म्हणून त्याच्या नावानिशी संपूर्ण उपासनेत वाचली गेली. तेव्हापासून तो चर्चला येत नाही. त्यातच बाहेरगावच्या एका संदेशकांनी आईला सांगितले की, गोळ्या घेत राहणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे. आता लेंटमधील, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातील, पाळीपाळीने करायची उपास-प्रार्थनेची साखळी ठरली आहे आणि त्याने आईकरवी तिच्यात आपले नाव दिले आहे. रात्रीची पाळी आणि पूर्ण दिवसाचा उपास, असे त्याचे मागणे आहे. तो आपणहून मंडळीकडे वळतो आहे, म्हणून नकार देणे जिवावर येते. आम्ही काय करावे?

उत्तर: मानसोपचार विभागातील परिचारिका, मिरज

वडीलसाहेब, उपासाचा प्रश्न थांबण्यासारखा नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. लिथियम शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. गुण देणारे प्रमाण आणि विषबाधा करणारे प्रमाण यांत अंतर फार थोडे असते, म्हणूनच या रुग्णांची रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते. कोल्हापुरात लेंटचा उत्तरार्ध ऐन उन्हाळ्यात येतो; अशा दिवसांत पाण्याविना उपास करणे त्याच्यासाठी धोक्याचे आहे. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. डोके दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून देऊ नये, कारण तिच्यामुळेही लिथियमचे प्रमाण वाढू शकते.

रात्रीच्या पाळीविषयीही माझे मत स्पष्ट आहे: ती देऊ नका. बायपोलर आजारात झोप मोडणे हे उन्मादाचा झटका येण्याचे एक ठळक कारण असते. त्याला सकाळची पाळी द्या, आणि उपासाचे काय करायचे ते त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मात्र त्याचे नाव यादीतून काढू नका. गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नयेत, हे त्याच्या आईला कोणीतरी समोर बसून सांगायला हवे.

उत्तर: निवृत्त पाळक, कोल्हापूर

ताईंनी लिहिलेले पुढच्या सभेत जसेच्या तसे वाचून दाखवावे. गोळ्या म्हणजे अविश्वास, या शिकवणीला पवित्र शास्त्रात आधार नाही. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दटावले नाही. झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. ज्या मिशनऱ्यांनी आपल्याकडे चर्चे उभारली, त्यांनीच मिरजेत आणि कोल्हापुरात दवाखानेही काढले, हे आपण विसरता कामा नये.

माझ्या मते खरी जखम नाव वाचले गेल्याची आहे. आजारी माणसाच्या स्वतःच्या संमतीवाचून, मग विनंती आईने दिलेली का असेना, निदान उच्चारले जाऊ नये, असा ठराव वडील मंडळींनी करावा. ‘आपल्यातील एका कुटुंबासाठी’ एवढे शब्द प्रार्थनेला पुरतात. त्या मुलाकडे पाळकांनी स्वतः जाऊन क्षमा मागावी, आणि त्या भेटीत चर्चला येण्याचा आग्रह अजिबात करू नये.

उत्तर: एका रुग्णाची बहीण, कसबा बावडा

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वडिलांचा पाय मोडला तेव्हा आमच्याकडे महिला मंडळाकडून आठवडाभर डबे आले. भावाला दाखल केले तेव्हा एकही आला नाही. लोक वाईट नव्हते, काय बोलावे हे त्यांना सुचत नव्हते. संडे स्कूलच्या एक बाई मात्र येत राहिल्या. त्या काही विचारत नसत, पदर खोचून भांडी विसळायला घेत आणि आईला म्हणत, “तुम्ही तासभर पडा, मी बसते त्याच्यापाशी.” सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेत उभे राहायला, औषध संपण्याआधी आठवण करायला, काळजी घेणाऱ्याला थोडी झोप मिळवून द्यायला माणूस लागते. मंडळीकडे माणसे आहेत. पवित्र शास्त्रातील दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्यापाशी नुसते जमिनीवर बसून होते, आणि तेवढेच त्यांचे बरोबर होते.

उत्तर: तरुण संघाचा कार्यकर्ता

वरील सर्व पटते; तरीही शुभवर्तमानात दुरात्म्यांचा उल्लेख आहेच. मग सुटकेसाठी प्रार्थना करूच नये का?

उत्तर: निवृत्त पाळक, कोल्हापूर

प्रार्थना अवश्य करावी, पण त्याला हवी असेल तर, त्याच्या शेजारी बसून आणि हलक्या आवाजात. ‘तुझ्यात दुरात्मा आहे’ असे आजारी माणसाला सांगितल्याने त्याची भीती दुणावते, आणि ज्याला आधीच आवाज ऐकू येतात त्याचे तर फार नुकसान होते. बांधून ठेवणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठी लागू होतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सकाळची पाळी देण्याचे ठरले आहे आणि उद्या पाळकसाहेबांसोबत मी त्याच्या घरी जात आहे. एकच विचारतो: तो जगणे नको असे काही बोलला तर काय करावे?

उत्तर: मानसोपचार विभागातील परिचारिका, मिरज

सरळ विचारा: “जीव द्यावा असे मनात येते का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, घरातील गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा आणि तातडीने रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. त्याची आईही तेथे फोन करू शकते, म्हणून उद्या जाल तेव्हा हा क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये स्वतः भरून द्या.