मुलांची अ‍ॅलर्जी: तुम्हाला कधी कळली, मग काय काय केलंत?

निळीशाई
काल कपाट आवरताना एक वही सापडली. लेक दीड वर्षाचा होता तेव्हाची. पानोपानी माझं गिचमिड अक्षर: "स. ८.१० अर्धं अंडं. ८.२५ ओठ लाल, कान खाजवतोय. ८.४० पोटावर गांधी. ११ ला सगळं गायब." खाली लाल पेनाने "अंडं???"

लेक आता नऊचा आहे. मी वही घेऊन तिथेच फरशीवर बसले.

पहिल्या वेळी मी नव्या साबणाला दोष दिला होता. दुसऱ्या वेळी डासांना. आजी म्हणाली पित्त उठलंय. तीनही वेळा अंडं मीच भरवलं होतं, तेही "अजून एक घास" करत. डॉक्टरांनी वही वाचली आणि म्हणाले, निम्मं काम तुम्हीच केलंय. मग चार दिवस अ‍ॅलर्जीचं औषध बंद ठेवून पाठीवर थेंब टाकून टोचायची टेस्ट. टोचणं काहीच नाही हो, पण पुढची १५ मिनिटं त्याला पाठ खाजवू न देणं!! अंड्याच्या थेंबाखाली मस्त टपोरी गांध आली.

सहाव्या वर्षी अ‍ॅलर्जी गेली. आधी केकमधलं भाजलेलं अंडं चाललं, नंतर नुसतं. त्याला यातलं काहीही आठवत नाही. तुमचंही लिहा.

झोपमोड
आमचं दूध. दहावा महिना, दोन चमचे, ओठ असे सुजले की ओळखू येईना. सगळे म्हणे पचत नसेल, पाणी घालून दे. पचत नाही ते वेगळं, त्यात दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. हिची अ‍ॅलर्जी प्रथिनाची होती. एक थेंबही चालायचा नाही. पाणी घालून काय होणार! मग कोणीतरी शेळीचं दूध सुचवलं. नशीब आधी डॉक्टरांना विचारलं, त्यातली प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात.

टिकली
शेळीच्या दुधाला +१. आम्ही विचारलं नव्हतं. रात्र दवाखान्यात.

मांजरपाट
नंतर सविस्तर लिहिते, गॅसवर दूध उतू गेलं

झोपमोड
@मांजरपाट आमच्याकडे उतू जायलाही दूध नसायचं, बघ केवढा फायदा 😄

ड्युटीवरचाबाबा
शेंगदाणा. दोन वर्षांची होती. कोणाच्या तरी हातातलं बिस्किट घेतलं. आधी खोकला. मग उलटी. मग एकदम गप्प, मांडीवर लुळी. अंगावर एक डाग नाही, आणि आम्ही सगळे तिचा फ्रॉक वर करून पुरळच शोधतोय! मी अ‍ॅलर्जीचं सिरप पाजलं आणि उतार पडायची वाट बघत बसलो. ती दहा मिनिटं मला अजून स्वप्नात येतात. सिरपने खाज थांबते, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. त्याला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ते दवाखान्यात गेल्या गेल्या दिलं आणि पाच मिनिटांत पोरगी रडायला लागली. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही. काही तासांनी पुन्हा उलटू शकतं म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

आता त्याच इंजेक्शनची, पेनासारखी दाबून टोचायची दोन पेनं कायम तिच्यासोबत. ती जाईल तिथे पिशवी जाते.

काडेपेटी
बापरे. वाचून हात गार पडले. पेन कपड्यावरून चालतं का? आम्हाला परवाच लिहून दिलंय.

ड्युटीवरचाबाबा
चालतं. खिशातलं काही मध्ये येऊ देऊ नका. दाबून जागेवर धरून ठेवायचं, किती सेकंद ते पेनावर लिहिलेलं असतं. मग अँब्युलन्स. मुलाला आडवं ठेवा, उचलून फिरवू नका, उभं करू नका. श्वास लागत असेल तरच बसवा. बिनसुईचं सरावाचं पेन मागून घ्या.

काडेपेटी
नवऱ्याने काल सरावाचं पेन उशीवर चालवलं. तीनदा. उशीची प्रकृती स्थिर आहे.

दोनपोरांचीआई
माझी गोष्ट उलटी. रक्ताच्या टेस्टमध्ये ११ गोष्टी पॉझिटिव्ह आल्या, मी घाबरून अकराच्या अकरा बंद केल्या. चार महिने पोरगा जगला कशावर देव जाणे, वजन काटाभर हललं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, यातलं आधी काय काय खात होता? म्हटलं, बरंचसं. काही व्हायचं? नाही. मग बंद का केलंत?? पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने ते "ओळखलंय" एवढंच, त्रास होईलच असं नाही. उरलेल्या शंकेच्या गोष्टी त्यांच्यासमोर कणाकणाने वाढवत खाऊ घातल्या. शेवटी उरला काजू. आणि पिस्ता, ते दोघे भाऊभाऊ. मला स्वतःचाच राग आला होता तेव्हा.

टिकली
नको गं राग. कागदावर लाल अक्षरात लिहून आल्यावर कोण खाऊ घालेल?

उनाड
पुरळ नाही, सूज नाही, खाल्ल्यावर बरोब्बर दोन तासांनी उलट्यांवर उलट्या आणि बाळ पांढरंफटक, असं कोणाचं झालंय? आमचं ओट्सने. तीनदा पोटाचा संसर्ग म्हणून उपचार झाले. टेस्ट सगळ्या स्वच्छ. त्याला एफपाईज म्हणतात, नेहमीच्या टेस्टमध्ये दिसतच नाही. वही ठेवली असती तर दुसऱ्याच वेळी कळलं असतं.

शिळीभाकर
माझी मोठी आता कॉलेजात. तेव्हा सांगायचे शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत दाखवूच नका. आम्ही नेमाने पाळलं, आणि झाली ती झालीच. पुढे २०१५ चं लीप संशोधन वाचलं. जास्त धोका असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, निम्म्यांना नियमित शेंगदाणा, निम्म्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी खाणाऱ्यांमध्ये अ‍ॅलर्जी कितीतरी कमी. म्हणजे आम्ही जे जपलं तेच नडलं असेल. धाकट्याला डॉक्टरांना विचारून सहाव्या महिन्यात दिला. अख्खा दाणा नाही हं, घशात अडकतो. पातळ पेस्ट.

काडेपेटी
अवांतर: कोरड्या त्वचेला कोणतं क्रीम लावता? रात्रभर खाजवतो, मीही जागी.

झोपमोड
बिनवासाचं, जाडसर कुठलंही. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच थापायचं. आणि हो, ज्यात शेंगदाण्याचं वगैरे तेल आहे ते टाळ. फुटलेल्या कातडीतूनच अ‍ॅलर्जी शिरते म्हणतात.

दोनपोरांचीआई
आणि सॅनिटायझरवर विसंबू नका. हातावरचा शेंगदाणा त्याने जात नाही. साबण-पाणी, नाहीतर ओला वाईप.

मांजरपाट
आले. शेगडी पुसून झाली. काय लिहिणार होते तेच विसरले. निळीशाई, वहीचा फोटो टाक ना!

निळीशाई
टाकला असता. वही लेकाने पळवली. अ‍ॅलर्जीचं पान सोडून "शी: हिरवी, पातळ, दोनदा" एवढंच मोठ्याने वाचत घरभर फिरतोय.